खिशातली गोळी

अंगठ्याला काहीतरी टोचलं... गोळ्यांच्या पट्टीची फाटलेली पन्नी – एका रिकाम्या खळग्याच्या काठाशी उभी राहिलेली, चिमुकली, धारदार – आणि एप्रनच्या खिशात सवयीनं फिरणारा मंदाकिनीचा हात तिथंच थांबला, कारण काल सकाळी चौबे कॉलोनीच्या नाक्यावर स्टाफच्या बसमध्ये चढताना ही पट्टी कोरी होती, दहाच्या दहा लाल गोळ्या जागच्या जागी, आणि आता नऊ. एक गेली. कुणाला गेली? समोरच्या घड्याळात आठ वाजून दहा मिनिटं झाली होती, खिडकीबाहेर नव्या राजधानीचे ते रुंद आणि रिकामे रस्ते उन्हात पसरले होते, आणि सहाव्या खाटेवर गोदू उपाशीपोटी, केमोनं केस गेलेलं डोकं रुमालात गुंडाळून, हिरवा गाऊन घालून तयार बसली होती. तिनं मंदाकिनीकडे पाहून हात वर केला, बसस्टँडवर ओळखीचं कुणी दिसावं तसा.

गोदूला. काल संध्याकाळी, जेवणाची ताटं गेल्यावर... मी दिली.

हे आठवायला इतका वेळ का लागला, याचंही उत्तर त्या खिशातच होतं. तो खिसा कुणाच्या हिशेबात नव्हता, खुद्द तिच्याही नाही. एकतीस वर्षांपूर्वी, लग्न होऊन पुलगावहून ती रायपूरला आली, नवऱ्याची – श्यामरावांची – रेल्वेत नोकरी, आणि तिला इथल्या जुन्या, कळकट इस्पितळात लागली ही नर्सची. तेव्हा रायपूर म्हणजे भोपाळच्या हुकमाखालचं एक जिल्ह्याचं गाव, आणि खेड्यांतून बाया यायच्या त्या अशा पांढऱ्याफटक, की खालची पापणी ओढून पाहावी तर आत रक्ताचा टिपूस नाही. फाईल तयार व्हायची, डॉक्टर लिहायचे, औषध यायचं – यात आठवडा जायचा. मंदाकिनीला आठवडा थांबणं कधी जमलंच नाही. तिनं लोहाच्या गोळ्यांची एक पट्टी खिशात ठेवायला सुरुवात केली. पापणी ओढायची, पाहायचं, गोळी काढून तळहातावर ठेवायची, आणि समोर उभं राहून गिळायला लावायची. डॉक्टर बदलले, राज्य बदललं, ती या नव्या शहरातल्या काचेच्या इस्पितळात वॉर्डची मुख्य होऊन आली, तरी पट्टी खिशातच. नवे डॉक्टर थट्टा करायचे, ‘सिस्टर का प्रसाद’ म्हणायचे, आणि ती वरवर रागवायची, आतून मात्र अशी फुलायची की विचारू नका. आपल्या वॉर्डातून एकही बाई पांढऱ्या पापणीनं ऑपरेशनच्या टेबलावर गेली नाही, हे ती ओळख झाल्यावर पहिल्या पाच मिनिटांत कुणालाही ऐकवायची. हात इतका शिकलेला, की तो आपणहून खिशात जायचा.

कालही गेला. गोदू म्हणाली होती, “ताई, चक्कर येऊन राहिली मले. उद्या टेबलावरच जीव गेला त?” – आणि मंदाकिनीनं पापणी ओढली, पाहिलं, आणि हात गेला. “घे. लोहाची आहे. ताकद येते.” स्टीलच्या ग्लासातलं पाणी. गोदूचा तो आज्ञाधारक घोट.

आणि त्यातली खरी गंमत – गंमतच म्हणायची, रडू आलं तरी – अशी, की त्याच दिवशी दुपारी गोदूचा नवरा हरिदास, सदर बाजारात कापडाच्या दुकानात गिऱ्हाइकांना साड्या उलगडून दाखवणारा भला माणूस, बायकोसाठी पिशवीतून टॉनिकची बाटली घेऊन आला होता, आणि मंदाकिनीनं सगळ्या वॉर्डासमोर त्याची बिनपाण्यानं केली होती. “वाचता येते ना भैया? याच्यात फोलिक ॲसिड आहे. बंद म्हणजे बंद! लहान पोर असतं त समजली असती मी.” बाटली जप्त. हरिदास ओशाळून हसला होता. फाईलवर डॉक्टर देवश्रीनं लाल शाईनं लिहिलं होतं, फोलिक ॲसिड चार दिवसांपासून बंद, आणि फाईलमधल्या गोळ्यांवर काट मारली होती ती मंदाकिनीनंच. पण खिशातल्या गोळीला ती आयुष्यभर लोहाची म्हणत आली. लोहाच्या पाठीमागं त्याच गोळीत दुसरंही काही बसलेलं असतं, हे परीक्षेत विचारलं असतं तर तिनं झोपेतसुद्धा सांगितलं असतं. हाताला कोण विचारणार?

फोलिक ॲसिड का बंद, हे तिला देवश्रीनंच समजावलं होतं – वॉर्डात नाही, घरी, जेवताना. डॉक्टर देवश्री वानखडे, कर्करोगाची सर्जन, मुंबईला दोन वर्षं शिकून परत आलेली. आणि मंदाकिनीची मुलगी. श्यामराव पोळी हातात धरून ऐकत बसले होते. देवश्री नेहमीसारखी अर्धी हिंदीत, अर्धी मराठीत... “पप्पा, पोटात मोठी गाठ असली ना, ती दिसते, हाताला लागते. काढली. पण आजूबाजूला खसखशीसारखे बारीक दाणे उरतात, वो न दिखते हैं, न हाथ को लगते हैं. तेच दोन वर्षांनी पुन्हा वाढतात.” मग ते नवं औषध: ऑपरेशनच्या काही तास आधी शिरेतून द्यायचं. त्या रोगट पेशींना फोलिकची भारी हाव असते, आणि हे औषध फोलिकच्याच वेषात आत शिरतं. त्या गिळतात, आणि फसतात. मग ऑपरेशनच्या खोलीतले दिवे मंद करायचे, खास कॅमेरा पोटावर धरायचा, आणि पडद्यावर एकेक दाणा उजळून दिसतो – इथं आहे, इथं आहे, इथंही आहे. “बस, चुनते जाओ,” देवश्री म्हणाली होती, आणि तिचे डोळे असे चमकत होते की श्यामरावांच्या हातातली पोळी वरणात पडली. मंदाकिनीनं विचारलं होतं, आणि गोळ्या बंद कशाला? – “आई, त्यांचं पोट आधीच भरलेलं असलं, तर त्या औषधाला हात कशाला लावतील?” पोट भरलेला पाहुणा. हे मंदाकिनीला तत्क्षणी समजलं होतं. इतकं छान समजलं होतं, की दुसऱ्या दिवशी तिनं तेच साऱ्या नर्सेसना समजावून सांगितलं, आणि वर म्हणाली, मॅडमनी मला स्वतः सांगितलं.

मॅडम. देवश्री इथं लागली त्या पहिल्या दिवसापासून मंदाकिनी तिला मॅडमच म्हणायची, राउंडला आली की खुर्चीवरून उठायची. घरी त्यावरून भांडण व्हायचं. “आई, तू उभी काय राहतेस? मला कसंतरी होतं.” – “काहून नको राहू? डॉक्टर आले की सिस्टर उभी राहते. तू काय वेगळी आहेस?” असं म्हणायची खरी, पण खरं कारण ते नव्हतं... खरं कारण हे, की उभं राहताना जे सुख व्हायचं ते तिला सोडवत नव्हतं. जिच्या नाकातला शेंबूड पुसला तिच्यासाठी उभं राहायचं, चारचौघांत, पांढऱ्या कपड्यांत! कॉलोनीतल्या कुठल्या बाईला हे मिळालं होतं? कुणाची मुलगी पुण्याला, कुणाचा मुलगा बंगळूरला, व्हिडिओ कॉलवर दिसणारे. मंदाकिनीची मुलगी रोज सकाळी साडेनऊला दारातून आत यायची, आणि तिच्यामागं सहा जण.

आणि आज तिचा दिवस. या इस्पितळात त्या कॅमेऱ्यानं होणारं पहिलं ऑपरेशन. मुंबईहून तिचे गुरू, डॉक्टर निरंजन, मुद्दाम आलेले. नऊ वाजता गोदूच्या शिरेत ते औषध सुरू व्हायचं होतं, एक वाजता ऑपरेशन. बाटली शीतपेटीतून बाहेर काढून ठेवलीही असेल. घड्याळात आठ वाजून वीस मिनिटं.

कुणी पाहिलं नाही... हा विचार असा अलगद आला, की तो आपला आहे हे तिला जरा वेळानं कळलं. कुणी पाहिलं नाही. गोदूला गोळीचा रंग तेवढा ठाऊक. नोंद नाही, सही नाही. एकच तर गोळी – एका गोळीनं काय होतंय? काही झालंच तर काय होईल: दिवे मंद होतील, कॅमेरा धरतील, पडदा काळा राहील. आणि काळ्या पडद्याचं दुःख कोण करणार? सगळे आनंदानं म्हणतील, दाणे उरलेच नाहीत, सगळं स्वच्छ! निरंजन सर देवश्रीच्या पाठीवर थाप मारतील. ती घरी येईल, श्यामराव पेढे आणतील. गोदू ब्राह्मणपाऱ्यात आपल्या घरी जाईल, केस उगवतील, ती वेणी घालील... आणि दोन वर्षांनी तिचं पोट पुन्हा फुगलं, तर ते तिचं नशीब म्हणून खपून जाईल. कुणाच्याही अंगावर शिंतोडा नाही. मंदाकिनी खाटेची लोखंडी कड धरून उभी राहिली. इतकं बिनबोभाट जमणारं पाप तिनं आयुष्यात कधी इतक्या जवळून पाहिलं नव्हतं.

बरं, सांगायचं म्हटलं तर? नोकरीचे पाच महिने राहिले. डॉक्टरच्या हुकमाशिवाय औषध दिलं – तेही एकदा नाही, एकतीस वर्षं. चौकशी. वॉर्ड काढून घेतील. हे सगळं एक वेळ परवडलं. पण निरंजन सरांसमोर, त्या परक्या मोठ्या माणसासमोर, देवश्रीच्या पहिल्या दिवसाचा विचका तिच्या आईनं करायचा? लोक म्हणतील, आईला वॉर्डात ठेवलं की असंच व्हायचं. पोरीच्या तोंडाला आपल्या हातानं काळं... आणि मग तिच्या लक्षात आलं, की आपण मघापासून पोरीचं नाव घेतोय, पण घाबरतोय स्वतःसाठी. पांढरी पापणी, ओळखीच्या पहिल्या पाच मिनिटांत सांगायची ती गोष्ट – ती जाणार होती. तीच वाचवायची होती.

“ताई!” गोदूनं हाक मारली. “कालच्या गोळीनं बरं वाटलं जी मले. चक्कर नाही आली मंग.”

मंदाकिनी चालू लागली. पळत नाही, पण नर्स ज्याला चालणं म्हणतात तशी.

देवश्रीच्या खोलीचं दार उघडंच होतं. ती उभ्यानं चहा पीत होती, निरंजन सर खुर्चीत, टेबलावर गोदूच्या पोटाची चित्रं. “बोलिए सिस्टर,” देवश्री म्हणाली. इस्पितळात ती आईशी हिंदीतच बोलायची.

“मॅडम, समजा... समजा एखाद्या पेशंटनं घरची टॉनिक-बिनिक घेतली असली त...” हे वाक्य कुठून आलं? अर्ध्यावरच तिला त्याची शिसारी आली. “नाही. तसं नाही. सहा नंबरच्या पेशंटले काल संध्याकाळी लोहाची गोळी गेली. त्यात फोलिक असते.”

कप बशीत ठेवल्याचा आवाज. “किसने दी?”

“मी.”

देवश्रीनं वर पाहिलं. एक क्षण, फक्त एक, त्या चेहऱ्यावर सात वर्षांची पोरगी येऊन गेली – आई चुकते हे जिला पहिल्यांदा कळतंय ती – आणि मग ती पोरगी आत निघून गेली. “कितने बजे?”

“साडेसात. जेवण झाल्यावर.”

“एकच?” हे मराठीत निसटलं.

“एकच.”

देवश्रीनं फोन उचलला, औषध अजून मिसळू नका, शीतपेटीत परत, एवढंच सांगितलं आणि ठेवला. निरंजन सरांनी चष्मा काढला. ते वाईट नव्हते. मंदाकिनीला ते पुढं बराच वेळ आठवत राहिले ते चांगलेच म्हणून. “देवश्री, एका गोळीनं कितीसा फरक पडणार? पडला तर पडला. माझं संध्याकाळचं विमान आहे. डोळ्यांना दिसेल ते काढू, हाताला लागेल ते काढू. इतकी वर्षं आपण तेच करत आलो ना?”

“सर, पडदा काळा राहिला, तर तो का काळा आहे हे मला कळणार नाही,” देवश्री म्हणाली. “दाणे नाहीत म्हणून, की गोळी होती म्हणून?”

“मग?”

“शुक्रवार. तोपर्यंत गोळी उतरेल.”

“शुक्रवारी मी नसेन. एकटी करशील?”

तिनं गोदूच्या पोटाच्या चित्रांकडे पाहिलं, आणि उत्तर द्यायला जितका वेळ घ्यायला हवा तितका घेतला. “करीन.”

आणि मंदाकिनीच्या छातीत, त्या एवढ्या लाजेच्या मधोमध, काहीतरी असं उसळलं की तिला पदरानं तोंड झाकावंसं वाटलं. पण एप्रनला पदर नसतो. अगं, गप्प बैस, तिनं स्वतःला सांगितलं, आरोपीनं असं फुलून यायचं नसतं.

देवश्रीनं खणातून छापील अर्ज काढला. वॉर्डात काही चुकलं की तो भरायचा असतो. मंदाकिनीनं दुसऱ्यांचे कितीतरी भरले होते, बारीक अक्षरात, कुणाची गय न करता. काय झालं, किती वाजता, पेशंटला धोका कोणता. पेन भराभर चाललं होतं. मग ‘जबाबदार व्यक्ती’ हा रकाना आला. निरंजन सर खाकरले. हलक्या आवाजात, घरच्यासारखे म्हणाले, “‘वॉर्ड स्टाफ’ लिही. तेवढं पुरतं. पाच-सहा महिन्यांत त्या निवृत्तच होतायत, म्हणालीस ना तू?”

पेन थांबलं.

मंदाकिनी टेबलाच्या अलीकडे उभी होती आणि तिला अर्ज उलटा दिसत होता. त्या थांबलेल्या टोकाखाली कागदावर शाईचा एक ठिपका मोठा होत होता. लिही ना बाळ, ती मनात म्हणत होती, स्टाफ लिही, दोनच शब्द, खोटंही नाही त्यात... आणि त्याच वेळी तिच्या आत दुसरं कुणीतरी हात घट्ट मिटून बसलं होतं, की नको, हिनं लिहू नये, हिनं आज हे लिहिलं तर उद्या पडद्यावर एखादा दाणा अर्धवट उजळेल, कुणीतरी मोठा माणूस मागून म्हणेल, जाऊ दे, तेवढं चालतं, आणि हिचा हात असाच... लिहू नकोस. लिही. नको.

पेन हललं. मंदाकिनी श्यामराव वानखडे. उलटं असलं तरी स्पष्ट दिसलं, म वरची रेघ जरा लांब, घाईत लिहिल्यासारखी. हुद्दा, मुख्य नर्स. त्याखाली, सही करताना, डॉ. देवश्री श्यामराव वानखडे. एकाखाली एक.

“सिस्टर, वो पट्टी दे दीजिए,” देवश्री म्हणाली. हात पुढं केला होता. मंदाकिनीनं पट्टी त्या तळहातावर ठेवली. देवश्रीनं ती अर्जाला टाचणीनं लावली. मग मान खाली घालूनच म्हणाली, “पेशंटला मी सांगते.”

“नाही मॅडम. ते माझं काम आहे.”

गोदूला सांगणं अर्ज भरण्याहून अवघड गेलं. हरिदासही तिथंच बसला होता. मंदाकिनीनं खाटेच्या कडेला बसून सगळं सांगितलं, गोळीत काय होतं, पडद्यावर काय दिसलं नसतं, काय मागं राहिलं असतं. गोदूनं आपल्या हिरव्या गाऊनची नाडी बोटाला गुंडाळली. “म्हणजे तीन दिस अजून मले याच भेवात झोपाचं,” ती म्हणाली. मग एकदम डोळे वर करून, “मंग ह्यायच्या टॉनिकच्या बाटलीवर काहून एवढ्या ओरडल्या तुम्ही?” हरिदास म्हणाला, जाऊ दे ना. गोदू म्हणाली, काहून जाऊ दे. मंदाकिनीनं हरिदासची माफी मागितली. त्यानं दोन्ही हात जोडले, जसे दुकानात मोठ्या गिऱ्हाइकाला जोडत असेल, आणि ते तिला फार लागलं. गोदूनं तोंड भिंतीकडे केलं. थोड्या वेळानं भिंतीलाच म्हणाली, “आता चहा त द्या. कालपासून उपाशी आहो मी.” मंदाकिनीनं चहा स्वतः करून आणला, गोदू तो भिंतीकडे तोंड करूनच पूर्ण प्याली.

एक वाजता, ज्या वेळी ऑपरेशन सुरू व्हायचं होतं, बरोबर त्या वेळी श्यामरावांचा फोन आला. मंदाकिनी व्हरांड्याच्या टोकाला गेली. “सुरू झालं काय?” ते विचारत होते, “मी कॉलोनीत सांगून ठेवलं आहे सगळ्यायले.” तिनं सांगितलं. एका दमात, काही न गाळता.

“तुझं नाव लिहिलं तिनं?” श्यामराव म्हणाले. “सगळं नाव?”

“सगळं. तुमच्या नावासकट. तो मुंबईवाला मोठा डॉक्टर म्हणत होता, नको लिहू. तरी लिहिलं.”

“आईचं नाव! तिले काही वाटलं नाही?”

“वाटलं. पेन अडून राहिलं होतं तिचं,” मंदाकिनी म्हणाली. “तरी लिहिलं!”

आणि शेवटच्या दोन शब्दांशी तिनं स्वतःचा आवाज ऐकला, आणि दचकली. देवश्रीला सुवर्णपदक मिळालं तेव्हा दारोदार फिरून सांगताना लागलेला तोच आवाज, तोच हेल, शेवटी तसाच वर चढलेला. पण ते सांगायला तेव्हा सगळी कॉलोनी होती. हे कुणाला सांगणार? माझ्या मुलीनं माझ्याविरुद्ध लिहून दिलं, असं कुणाच्या दारात उभं राहून मिरवतात? ऐकणारी बाई आधी दार लावून घेईल. शुक्रवारी पडदा उजळतो की नाही, उजळला तर किती दाणे, एकट्या देवश्रीला ते सगळे गवसतात की नाही – काही ठाऊक नव्हतं, आणि गोदूची काळजी होती ती तशीच होती. चौकशी व्हायची होती, वॉर्ड जाणारच होता, एकतीस वर्षांची ती गोष्ट आता सांगता येणार नव्हती. त्या सगळ्याच्या वर छाती मात्र अशी भरून आली होती, की आवाज खाली आणावा म्हटलं तर येईना.

“ऐकून राहिले ना तुम्ही?” ती फोनमध्ये म्हणाली, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगू लागली.